भेटला, मिळाला, सापडला

नोकरीला लागून दोनच महिने झाले होते. ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी विचारलं, की कुरियरवाला येऊन गेला का. मी लिहिलं, "हो, पार्सल भेटलं."

अर्ध्या मिनिटात एका सहकाऱ्याचं उत्तर आलं, "अरे वा! मग काय गप्पा झाल्या पार्सलशी?" खाली हसून डोळ्यांतून पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागली. आणखी कुणीतरी लिहिलं, "चहा विचारलास ना त्याला?" मीही एक हसरा चेहरा टाकला आणि फोन उलटा ठेवून दिला.

तेव्हा मी पुण्यात नवी होते. आमचं गाव टिटवाळ्याजवळ. आमच्याकडे नोकरी भेटते, रेशन भेटतं, तिकीट भेटतं, लग्नाला मुलगी भेटते आणि दाखला चार खेपा मारूनही भेटत नाही. शाळेत मराठीच्या पेपरात मी "मिळाले" लिहायचे आणि वर्गाबाहेर पडल्यावर "भेटलं" म्हणायचे, आणि या दोन्हींत काही भांडण आहे असं कधी वाटलं नव्हतं. पार्सलच्या त्या दिवसानंतर मात्र वाटायला लागलं. मी बोलण्याआधी क्षणभर थांबायला शिकले. माणूस असेल तर भेटला, वस्तू असेल तर मिळाली. वर्षभरात इतकी तयार झाले, की दुसऱ्या कुणी चूक केली की आता मीच हसणाऱ्यांत असायचे.

मग एकदा आईचा व्हॉइस मेसेज आला. तिनं गावाहून पापड-मसाला पाठवला होता. "डबा भेटला का गं?" मी लगेच लिहिलं, "मिळाला का म्हणतात आई. भेटतात ती माणसं." पुढे एक डोळा मारणारा चेहरा.

आईनं एक अंगठा पाठवला. त्यानंतर कितीतरी आठवडे तिचे व्हॉइस मेसेज आलेच नाहीत. नुसते अंगठे, नमस्कार आणि गुड मॉर्निंगची फुलं. मला हे लक्षात यायलाही वेळ लागला, ही त्यातली जास्त वाईट गोष्ट.

हा लेख त्या अंगठ्यामुळे लिहिते आहे. भेटणे या क्रियापदाच्या मागे लागले आणि ते मला बऱ्याच लांब घेऊन गेलं.

नियम काय म्हणतो

आधी हसणाऱ्यांची बाजू नीट मांडते, कारण ती चूक नाही. आजच्या प्रमाण मराठीत माणसं भेटतात आणि वस्तू मिळतात. हा फरक उपयोगाचा आहे. "मला डॉक्टर भेटले" म्हणजे त्यांच्याशी गाठ पडली. "गावाला डॉक्टर मिळाला" म्हणजे दवाखान्यात नेमणूक झाली. एका शब्दाच्या फरकानं केवढा अर्थ बदलतो! जी भाषा असा फरक करू शकते तिनं तो जपावा असं कुणाला वाटलं तर त्यात वावगं काही नाही.

पण भेटणे हे क्रियापद जरा जवळून पाहा. त्याची वाक्यं दोन बाजूंनी होतात. "मी बाबांना भेटले" आणि "मला बाबा भेटले." पहिल्या वाक्यात मी उठून गेले, मी ठरवलं, मी केलं. दुसऱ्या वाक्यात मी नुसती उभी आहे आणि बाबा समोर आले. बाजारात, स्टेशनवर, लग्नात, कुठेही. पहिल्यात क्रियापद माझ्याप्रमाणे बदलतं, दुसऱ्यात बाबांप्रमाणे. घटना तीच, पण ती घडवली कुणी, हे वाक्याची बाजू सांगते.

आता "मला पार्सल मिळालं" हे वाक्य या दोनांपैकी कुणासारखं आहे? दुसऱ्यासारखं. मी उभी आहे, पार्सल माझ्याकडे आलं. आमच्याकडची माणसं "मला पार्सल भेटलं" म्हणतात तेव्हा ती याच दुसऱ्या साच्यात बोलत असतात. "मी पार्सलला भेटले" असं आमच्या गावात कुणीही, कधीही म्हणत नाही. म्हणजे पार्सलशी गप्पा मारायला जाण्याचा प्रश्नच येत नाही. ज्यांना नियम ठाऊक नाही असं समजून हसलं जातं, ते एक नियम अगदी काटेकोर पाळत असतात. फक्त तो पुस्तकात छापलेला नाही.

मिळणे आधी काय करत होतं

खरी गंमत मिळणे या शब्दात आहे. संस्कृतात "मिल्" असा धातू आहे आणि त्याचा अर्थ आहे एकत्र येणे, भेटणे. वस्तू हाती लागणे हा अर्थ नंतरचा. मीलन, संमेलन, मेळा, मेळावा, मेळ हे सगळे त्याच कुळातले. साहित्य संमेलनात कुणाला काही "मिळतं" की नाही हा वेगळा विषय, पण शब्दाप्रमाणे ते भेटण्यासाठीच भरतं.

म्हणजे वस्तूंसाठी "शुद्ध" ठरलेलं मिळणे हे क्रियापद मुळात माणसांचं होतं. भेटता भेटता ते लाभण्याकडे सरकलं. हिंदीत ते दोन्ही कामं करतं: दोस्त मिला, पैसा मिला, आणि निरोप घेताना फिर मिलेंगे. गुजरातीत मळवुं दोन्ही करतं. गोव्यात कोकणी माणूस पुस्तक मेळ्ळें म्हणतो, मित्र मेळ्ळो म्हणतो आणि निघताना परत मेळूंया म्हणतो. आपल्या तिन्ही बाजूंचे शेजारी भेटण्याला आणि लाभण्याला एकच शब्द वापरतात, आणि त्यांना पार्सलशी गप्पा मारल्याचा आरोप सहन करावा लागत नाही.

मराठीनं मात्र घर वाटून घेतलं. लाभण्याची खोली मिळणेला दिली, माणसांची भेटणेला. तरी जुन्या घरातल्या काही वस्तू मिळणेकडे राहून गेल्याच. नदी समुद्राला मिळते. रस्ता हमरस्त्याला मिळतो. आपण मिळूनमिसळून राहतो, सगळे मिळून जेवतो. आणि इतिहासाच्या पुस्तकात एखादा सरदार शत्रूला "जाऊन मिळतो."

त्या शेवटच्या अर्थापाशी मी बराच वेळ थांबले. कारण मराठ्यांच्या इतिहासात एक जागा अशी आहे जिथे ही दोन क्रियापदं एकाच माणसाच्या आयुष्यात, वर्षभराच्या अंतरानं, एकामागून एक येतात.

मिळाले आणि भेटले

डिसेंबर 1678 मध्ये संभाजीराजे मोगलांच्या दिलेरखानाला जाऊन मिळाले. इतिहासाची पुस्तकं हेच क्रियापद वापरतात. का गेले यावर खूप लिहिलं गेलं आहे आणि पुढेही लिहिलं जाईल. साधारण वर्षभरानं ते दिलेरखानाच्या छावणीतून निसटले आणि पन्हाळ्यावर आले. जानेवारी 1680 मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर गेले आणि बापलेकांची भेट झाली.

दिलेरखानाला मिळाले, वडिलांना भेटले. या दोन क्रियापदांची जागा बदलून पाहा. "दिलेरखानाला भेटले" म्हटलं तर सगळं प्रकरण एका दुपारच्या मुलाखतीएवढं लहान होतं. "वडिलांना मिळाले" म्हटलं तर दोन फौजा एक झाल्यासारखं वाटतं. मिळण्यात आपण दुसऱ्याच्या बाजूचे होतो, नदीसारखे त्याच्यात जातो. भेटण्यात दोघे दोघेच राहतात, समोरासमोर. मनात कितीही राग, कितीही अपराधीपण असलं तरी समोरासमोर.

पन्हाळ्यावरची ती भेट शेवटची ठरली. संभाजीराजे पन्हाळ्यावर राहिले, महाराज रायगडावर परतले आणि 3 एप्रिल 1680 ला तिथेच गेले. निरोप घेताना दोघांपैकी कुणालाही ते माहीत असायचं कारण नव्हतं.

भेट म्हणजे वस्तूही

माणसं भेटतात, वस्तू नाही, असं म्हणणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. भेटणेचं नाम भेट. आणि भेट म्हणजे वस्तू! वाढदिवसाची भेट, दिवाळीची भेट, भेटवस्तू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये पहिल्यांदा आला आणि 1857 मध्ये त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती निघाली. भेट शब्दाला त्यात गाठ पडणं हाही अर्थ आहे आणि वरिष्ठापुढे ठेवायचा नजराणा हाही.

यामागे जुना रिवाज आहे. मोठ्या माणसाला रिकाम्या हातानं भेटायचं नसे. राजाला भेटायचं तर नजर ठेवायची, देवाला भेटायचं तर नारळ. राजानं उलट वस्त्रं द्यायची, देवानं प्रसाद. माणसाशी गाठ पडणं आणि हातात काही पडणं हे एकाच प्रसंगाचे दोन भाग होते. 12 मे 1666 ला आग्र्याच्या दरबारात औरंगजेबासमोर महाराजांच्या वतीनं नजर ठेवली गेली, ती या रिवाजाप्रमाणेच. बादशहानं त्यांना मागच्या रांगेत उभं केलं आणि दरबारात भडका उडाला. वस्तू पोचली, पण भेट झाली नाही, असंच म्हणावं लागेल.

त्याआधी 10 नोव्हेंबर 1659 ला प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाशी जी गाठ पडली, तिलाही आपण "अफजलखानाची भेट" म्हणतो. ती सुरू झाली मिठीनं आणि संपली कशानं ते शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. तरी शब्द बदलला नाही. आपण तिला खानाशी लढाई म्हणत नाही, भेटच म्हणतो. भेट गोड असते असं या शब्दानं कधी वचन दिलेलंच नाही. समोर येणं, एवढंच तो सांगतो.

पुन्हा, हा शब्द लागतोच असं नाही

कितीतरी भाषांमध्ये निरोप घेताना "पुन्हा" म्हणावं लागतं. हिंदीत फिर, गुजरातीत फरी, कोकणीत परत. मराठीत पुनर्भेट असा जड शब्द आहे, पण तो निमंत्रणपत्रिकेपुरता. पुलाखाली उभे राहून दोन मित्र निरोप घेतात तेव्हा नुसतं म्हणतात, "चल, भेटू." पुन्हा हे त्या क्रियापदातच मुरलेलं असतं. आणि घरातून निघताना तर भेटूही म्हणायचं नाही. "जाते" तर मुळीच नाही. "येते" म्हणायचं. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतानाच परत यायचं बोलून ठेवायचं. गुजरातीतही आवजो म्हणतात, म्हणजे या हं. ज्या मुलखातली माणसं पोटासाठी, लढाईसाठी, वारीसाठी वर्षानुवर्षं बाहेर जात राहिली, तिथे भाषेला ही सवय लागली नसती तरच नवल.

किती वर्षं बाहेर? येसूबाईंचं उदाहरण पाहू. 1689 मध्ये रायगड पडला तेव्हा संभाजी महाराजांची राणी येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. पुढची अठरा वर्षं औरंगजेबाच्या छावणीत गेली. 1707 मध्ये बादशहा मेला आणि शाहूंना सोडण्यात आलं, पण आईला ओलीस म्हणून ठेवून घेतलं. शाहू महाराष्ट्रात आले, ताराबाईंशी झगडून 1708 मध्ये साताऱ्याला छत्रपती झाले. आई दिल्लीकडेच. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले ते चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन, असं आपण परीक्षेत लिहितो. त्याच वेळी ते येसूबाईंनाही सोडवून घेऊन आले. मुलगा तेव्हा सदतीस वर्षांचा होता. मध्ये बारा वर्षं गेली होती.

सनदा मिळाल्या, आई भेटली. इथे मात्र मला प्रमाण मराठीचा फरक मनापासून आवडतो. कागद मिळतात. आई मिळत नाही, भेटते.

आणि ज्यांना कुणी भेटलंच नाही त्यांचं काय? 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर सदाशिवराव भाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्या मोहिमेत बरोबर होत्या, त्या वाचून दक्षिणेत आल्या. भाऊ गेले हे त्यांनी मानलं नाही. विधवेची लक्षणं त्यांनी घेतली नाहीत. काही वर्षांनी एक माणूस उभा राहिला आणि म्हणाला, मीच भाऊ. पेशव्यांच्या कारभाऱ्यांनी त्याला तोतया ठरवून कैदेत टाकलं. 1776 मध्ये तो सुटला, कोकणात त्याच्यामागे फौज आणि किल्ले जमा झाले, कारण लोकांनाही भाऊ परत यायला हवेच होते. अखेर तो पकडला गेला आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शिक्षा झाली. पार्वतीबाई 1783 मध्ये वारल्या.

त्या बंडाकडे राजकारण म्हणून पाहता येतं. मला मात्र त्यात भेटणे या क्रियापदाचा एक कठोर नियम दिसतो. चेहरा सारखा असून चालत नाही, आवाज सारखा असून चालत नाही. दोन्ही बाजूंनी ओळख पटावी लागते. नाहीतर माणूस नुसता सापडतो, भेटत नाही.

भेटीला निघालेले

भेटणे हे क्रियापद अजून पुरतं जिवंत कुठे आहे असं कुणी विचारलं तर मी आषाढात पंढरीच्या रस्त्यावर बोट दाखवीन. देवळात जाणारी बाकीची माणसं दर्शनाला जातात. वारकरी दर्शनही म्हणतात, पण बोलता बोलता "पांडुरंगाला भेटायला चाललो" म्हणतात. गेल्या वर्षी भेटून आलेले असतात, पुढच्या वर्षी पुन्हा भेटायचं असतं. विठोबा त्यांना लाभत नाही, मिळत नाही, तो भेटतो. आणि तो भेटायच्या आधी वाटेत एकमेकांच्या भेटी होतात. तोंडले-बोंडल्याच्या पुढे टप्पा इथे ज्ञानेश्वर माउलींची आणि त्यांचे धाकटे भाऊ सोपानकाका यांची पालखी समोरासमोर येते. या सोहळ्याचं नाव बंधूभेट. सातशे वर्षांपूर्वी समाधी घेतलेले दोन भाऊ दर वर्षी रस्त्यावर भेटतात आणि बघणाऱ्यांचे डोळे भरून येतात. पुढे वाखरीला सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात, मग पंढरपूर.

या गर्दीत लातूरचे, जळगावचे, साताऱ्याचे, वसईचे लोक एकत्र चालतात. कुणी "पाणी मिळालं" म्हणतं, कुणी "पाणी भेटलं", कुणी "पाणी गावलं". अजून तरी तिथे कुणी कुणाचं वाक्य दुरुस्त केलेलं मी ऐकलं नाही.

शुद्ध कुठून आलं

मग दुरुस्त करणं आलं कुठून? छापखान्याबरोबर आणि शाळेबरोबर. कंपनी सरकारला कारभारासाठी आणि शिक्षणासाठी एकसारखी मराठी हवी होती. मोल्सवर्थच्या हाताखाली शास्त्रीपंडित शब्द जमा करत होते. 1836 मध्ये दादोबा पांडुरंगांचं व्याकरण छापलं गेलं. मेजर कँडी पुण्यात बसून पाठ्यपुस्तकांची मराठी तपासत होते. सगळ्या मुलखासाठी एक भाषा ठरवायची तर कुठल्या तरी एका भागातल्या, कुठल्या तरी थरातल्या लोकांची बोली नमुना म्हणून घ्यावी लागते. ती पुण्याकडच्या शिकलेल्या लोकांची घेतली गेली. त्याचा फायदा झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. हा लेख टिटवाळ्यात आणि तासगावात सारखाच वाचता येतो तो त्यामुळेच.

पण नमुना म्हणून निवडलेली बोली हळूहळू बरोबर बोली झाली आणि उरलेल्या चूक. मिळणे भेटण्याकडून लाभण्याकडे सरकलं तेव्हा त्याच्यावर हसायला व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता. भेटणे आज नेमकी तीच वाट चालतंय, आणि त्याला अडवायला आपण सगळे फोन घेऊन उभे आहोत. शब्दांचा प्रवास तोच आहे. प्रवासी कोण, एवढाच फरक आहे.

गुरुवार संध्याकाळ

आता ज्या गोष्टीपर्यंत यायचं मी टाळत होते ती सांगते.

26 जुलै 2005, मंगळवार. मी आठ वर्षांची होते. बाबा कुर्ल्याला एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. सकाळी "येतो" म्हणून नेहमीच्या लोकलनं गेले. दुपारपासून जो पाऊस लागला तो सगळ्यांना माहीत आहे. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला. लोकल जिथल्या तिथे थांबल्या. मिठी नदी कुर्ल्यात शिरली. इकडे आमच्या बाजूला उल्हास आणि काळू दोन्ही फुगल्या होत्या. वीज गेली, फोन गेले.

मंगळवारची रात्र गेली. बुधवार गेला. गावातले कामावर गेलेले पुरुष एकेक करून परत येत होते. रुळांवरून चालत, ट्रकच्या मागे लटकत, पाय सुजलेले. प्रत्येकाला आई एकच विचारायची, "आमचे भेटले का हो कुठे?" कुणी म्हणायचं, नाही वहिनी. एक जण म्हणाला, ठाण्याला पाहिल्यासारखं वाटलं. आई रात्रभर दारात बसून होती. तिनं दिवा आत आणू दिला नाही.

गुरुवारी संध्याकाळी फाटकाकडून शेजारचा मुलगा धावत आला. लांबूनच ओरडत होता, "काकी, काका भेटले! भेटले काका!"

आई अनवाणी धावली. मी तिच्या मागे. बाबा रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसले होते. हातात चपला, अंगावर कुणीतरी दिलेला दुसऱ्याचाच शर्ट. आई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. मग तिनं त्यांच्या हातातल्या चपला घेतल्या.

मला पुढे कितीतरी दिवस त्या मुलाची हाक ऐकू यायची. आता विचार करते, तो "सापडले" का म्हणाला नाही? हरवलेली माणसं तर सापडतात, पेपरात तसंच छापतात. पण त्या दोन दिवसांत सापडणे या शब्दाचा अर्थ फार वाईट झाला होता. नदीकाठी माणसं सापडत होती. "मिळाले" म्हणावं तर ते रेशनच्या साखरेसारखं. "भेटले" हा एकच शब्द असा होता, की तो ऐकताक्षणी कळलं, ते जिवंत आहेत, आपल्याला ओळखताहेत आणि समोर आहेत. भेटायला दोघे लागतात, म्हणून.

आणि तेच बाबा पुढे महिनाभर आईला सांगत राहिले, की वाटेत कुठे काय भेटलं. कांजूरला एका घरी चहा भेटला. मुलुंडला कुणीतरी शर्ट दिला. ठाण्याच्या पुढे ट्रक भेटला. मी आज ही वाक्यं तोंडानं पुन्हा म्हणून पाहते, तेव्हा ती मला चूक वाटत नाहीत. तो चहा त्यांना नुसता मिळाला नव्हता. ओळख ना पाळख, अशा कुणीतरी दार उघडून तो हातात ठेवला होता. त्या चहामागे एक माणूस होतं. आमच्याकडच्या मराठीत वस्तूसुद्धा भेटतात, कारण आमच्याकडे बऱ्याच वस्तू कुणाच्या तरी हातून येतात. रेशन, दाखला, नोकरी, सुट्टी. मधे नेहमी एक माणूस उभं असतं, चांगलं किंवा वाईट. हे भाषाशास्त्र नाही, माझं मत आहे. पण आईच्या डब्याच्या बाबतीत तरी मला ते पटलं आहे. तो डबा एसटीत एका ओळखीच्या बाईंबरोबर आला होता. त्यांना स्टेशनवर जाऊन भेटले तेव्हा डबा हातात पडला.

मी ऑफिसात अजूनही मिळालं म्हणते, लेखात लिहिते, तुम्ही पाहिलंच. प्रमाण भाषा सोडायचं काही कारण नाही. ती मी कष्टानं शिकले आहे. फक्त आता मी हसणाऱ्यांच्या रांगेत नसते.

गेल्या महिन्यात मी आईला व्हॉइस मेसेज पाठवला. लिहिला नाही, बोलले. "आई, लोणचं भेटलं गं. मस्त झालंय."

निळ्या खुणा आल्या. बराच वेळ काही आलं नाही. मग तिचा आवाज आला, चाळीस सेकंदांचा. लोणच्यात मोहरी जास्त झाली का, भावाला बँकेचं पासबुक भेटत नाहीये, मागच्या दारी मांजरीनं पिल्लं घातलीत. आणि शेवटी, "तू कधी भेटतेस?"